जिऑलॉजीला जाताना फीपेक्षा वर्षांचा हिशोब करा

बारावीचे आणि बी.एस्सी.चे निकाल लागले की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, जिऑलॉजी घेऊ का? स्कोप आहे का?" प्रत्येकाला दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मी सह्याद्रीतल्या बोगद्यांच्या कामावर जिऑलॉजिस्ट, म्हणजे भूवैज्ञानिक आहे. या विषयावर माझा मनापासून जीव आहे, म्हणूनच गोड गोड काही सांगणार नाही.

पैशांचं आधी. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ची फी आजही काही हजारांत भागते. फील्ड टूरचा खर्च, हॉस्टेल, मेस, एक चांगला हातोडा आणि भिंग धरलं तरी खासगी इंजिनिअरिंगच्या तुलनेत हे शिक्षण स्वस्तच पडतं. आणि नेमका इथेच पालकांचा हिशोब चुकतो. या डिग्रीची किंमत रुपयांपेक्षा वर्षांत जास्त मोजावी लागते. नुसत्या बी.एस्सी.वर आमच्या क्षेत्रात फारसं काही हाती लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआय असो की केंद्रीय भूजल मंडळ, तिथल्या अधिकारीपदाला एम.एस्सी. लागतेच. म्हणजे किमान पाच वर्षं, आणि त्यापुढे परीक्षेची तयारी.

ती परीक्षा म्हणजे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट. निवड झाली तर मूळ पगारच ५६,१०० रुपयांपासून, वर भत्ते, आणि आयुष्यभर देश पायाखाली घालायची संधी. स्वप्न बघण्यासारखीच नोकरी आहे. पण जागांचे आकडे बघा. २०२३ च्या जाहिरातीत २८५ जागा होत्या, २०२४ ला ५६, २०२५ ला ८५. त्यातही जिऑलॉजिस्टबरोबर जिओफिजिसिस्ट, केमिस्ट, हायड्रोजिऑलॉजिस्ट सगळे आले, आणि देशभरातली मुलं आली. २८५ चा आकडा बघून ज्यांनी नोकरी सोडून अभ्यासाला बसायचं ठरवलं, त्यांच्यासमोर पुढच्याच वर्षी ५६ जागा आल्या. यात त्या पोरांचा काय दोष? माझं मत स्पष्ट आहे. पूर्णवेळ तयारीला दोन वर्षं द्या. त्यानंतर परीक्षा चालू ठेवायची असेल तर हाताला काम धरून ठेवा. वयाची मर्यादा ३२ आहे म्हणून ३२ व्या वर्षापर्यंत घरी बसणं कुणालाच परवडत नाही, शेतकऱ्याच्या मुलाला तर अजिबात नाही.

गेट ही राष्ट्रीय परीक्षा किंवा कंपनीची स्वतःची परीक्षा देऊन ओएनजीसीसारख्या तेल कंपन्यांत जाता येतं. आपल्या नागपुरात तर जीएसआयचं विभागीय मुख्यालय, खनिजं शोधणारी एमईसीएल, मँगनीजची मॉईल, कोळशाची वेकोलि, भारतीय खाण ब्यूरो एवढं सगळं एकाच शहरात आहे. तरीही विदर्भाबाहेरच्या मुलांना यातली निम्मी नावं एम.एस्सी.पर्यंत माहीत नसतात, याचं मला वाईट वाटतं.

खासगी कामाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं खोलात सांगतो. बोगद्यात ब्लास्ट झाला, धूर निवळला, सैल दगड पाडून झाले की आम्ही फेससमोर, म्हणजे नुकत्याच उघड्या पडलेल्या खडकाच्या भिंतीसमोर जातो. खडकातले सांधे कुठल्या दिशेला कललेत, त्यांत माती भरली आहे का, पाणी ठिबकतंय की धार लागली आहे, हे हेडलॅम्पच्या उजेडात भराभर टिपायचं असतं. मागे शॉटक्रीटचं, म्हणजे खडकावर काँक्रीट फवारायचं मशीन आणि शिफ्ट इंजिनिअर खोळंबलेले असतात. आपल्या दख्खनच्या बसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल, भाजल्यासारखा मातकट थर लागतो. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. कोरडा असेपर्यंत तो घट्ट वाटतो, पाणी लागलं की ढिला पडतो, आणि मग त्याच्या वरचा खडक कधी दगा देईल सांगता येत नाही. हा थर छतात येतोय हे वेळेत ओळखलं तर रॉक बोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळया वाढवता येतात. खाली माणसं काम करत असतात. हे ओळखायला नोट्स पुरत नाहीत, डोंगर चढून खडक हातात घ्यावे लागतात.

इतक्या जबाबदारीच्या कामाला सुरुवातीचा पगार मात्र बेताचा, आणि प्रोजेक्ट संपलं की बऱ्याचदा करारही संपतो. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. दर वेळी आठवडाभर टीव्हीवर भूवैज्ञानिक शोधले जातात, मग सगळं शांत. घाटातला रस्ता रुंद करताना उतार कापण्याआधी जिऑलॉजिस्टची सही सक्तीची करा, डोंगराळ तालुक्यात एकेक कायम पद भरा. मुलांना स्कोपही मिळेल आणि गावंही वाचतील. ही मागणी आपण सगळ्यांनीच लावून धरायला हवी.

परदेशी एम.एस. साठी तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढणाऱ्यांना कळकळीची विनंती, आधी इथे दोन वर्षं साइटवर काढा. तेल आणि खनिजांच्या नोकऱ्या बाजारभावाबरोबर वरखाली होतात. २०१४ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा जगभर जिऑलॉजिस्टच्या नोकऱ्या गेल्या. कर्जाचा हप्ता मात्र तेलाचा भाव बघत नाही.

आणि कॉलेज निवडताना इमारत बघू नका. डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा की वर्षातून फील्डवर किती दिवस नेता, नकाशा मुलं स्वतः काढतात की मागच्या बॅचचा उतरवतात, खडकाची स्लाइड बनवायचं मशीन चालू आहे का, जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम शिकवता का, आणि गेल्या तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नावर सर नावानिशी सांगायला लागले तर बिनधास्त फॉर्म भरा.