गोल खाल्ला की सेंटर-बॅकच का दिसतो?

‘बचाव सुधारायचाय? आधी बचावपटू बदला’ हा फुटबॉल संघांना चार सल्ले देणारा मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. मला तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘‘मामा, मला पण काढतील का रे?’’ पोरगा सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळतो. म्हणून हे लिहिणं आलं.

त्यातला मुद्दा पहिला, आणि सगळ्यात घातक: गोल खाल्ला की शेवटी चुकलेला बचावपटू हुडका आणि बाकावर बसवा. अहो, गोल होतो कसा ते तरी बघा. लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, हल्ल्यासाठी वर गेलाय. मधल्या फळीत आपण बॉल गमावतो. ज्याने हिसकावला त्याच्या अंगावर कोणी जात नाही. तो मान वर करून निवांत पास टाकतो. रिकाम्या बाजूने त्यांचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आघाडीपटू, सुटतो, त्याला अडवायला सेंटर-बॅक बाहेर ओढला जातो, मध्ये भगदाड. कडेवरून आत क्रॉस, गोल! रिप्लेत दिसतो तो घसरत आलेला सेंटर-बॅक, आणि शिव्याही त्यालाच. त्याच्या जागी दुसरा आणा, तोही तसाच घसरेल, वर घाबरलेला असेल.

इंग्लंडच्या चेल्सी क्लबचा २०२०-२१चा मोसम घ्या. प्रशिक्षक लॅम्पार्डच्या हाताखाली लीगच्या १९ सामन्यांत २३ गोल खाल्ले. जानेवारीत त्याच्या जागी टुखेल आला. नवा बचावपटू एकही घेतला नाही, तरी उरलेल्या १९ सामन्यांत फक्त १३. मागे तिघे, त्यांच्यापुढे दोन मिडफिल्डर, आणि बॉल गेला की आघाडीपटूंपासून सगळे तो परत मिळवायच्या मागे. त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगही जिंकली.

मेसेजचा पुढचा सल्ला: ‘तिशी उलटलेले विका.’ बचावफळी वर ठेवली तर पाठीमागच्या मोकळ्या जागेसाठी वेग लागतो, एवढं मान्य. पण त्याच चेल्सीच्या बचावात थियागो सिल्वा ३६ वर्षांचा होता.

‘सगळ्यांना बॉक्समध्ये (गोलपुढच्या चौकटीत) उभं करा.’ करा की! मग बाहेर काढलेला प्रत्येक बॉल समोरच्यांनाच मिळणार. ‘गोलकीपरने फक्त लांब मारावं’ याचंही उत्तर तेच.

सुधारायचंच असेल तर गोलाचा व्हिडिओ बॉल गमावला तिथपर्यंत मागे न्या. तिथे बचाव, मधली आणि आघाडी या फळ्यांमध्ये किती अंतर पडलंय ते बघा. फुल-बॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की मागे कोणी थांबायचं, हे सरावातच नावानिशी ठरवा. आणि कॉर्नरला कोण कुणाला धरणार, हे बॉल हवेत असताना ओरडून ठरत नसतं.