आपत्तीत मोबाइलच पुरेसा आहे का?

‘सरकारचा इशारा आता थेट मोबाइलवर येतो आणि त्याला इंटरनेटही लागत नाही, म्हणून आपत्तीत ही यंत्रणा बंद पडूच शकत नाही, वायरलेस, सॅटेलाइट फोन, हॅम रेडिओ (परवाना घेतलेल्या हौशी लोकांचे बिनतारी संच) यांवरचा खर्च वाया आहे,’ असा संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे.

इंटरनेट लागत नाही, हे खरे आहे. 2023 मध्ये देशभर चाचण्या झालेल्या सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या कक्षेतल्या सर्व फोनना एकच संदेश एकदम पाठवतो, त्यामुळे फोनची झुंबड उडाली तरी तो अडकत नाही. मात्र टॉवरला वीज लागते. वीज गेली की आधी बॅटरी, मग डिझेल जनरेटर. आणि रस्ताच पाण्याखाली असेल तर डिझेल पोचवणार कोण? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतसुद्धा फोन मुके झाले होते.

एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसरीचा चालतो, असेही काही जण म्हणतात. सरकार तशी रोमिंगची सोय आपत्तीत करून देते हे खरे, पण त्यासाठी त्या भागात एखादा तरी टॉवर जिवंत असावा लागतो.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. इशारा एकाच दिशेने जातो. गावात किती माणसे अडकली आहेत, हे तहसीलदाराला त्यावरून वर कळवता येत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2012 मध्ये संपर्कयंत्रणेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत उपग्रहाच्या पर्यायी मार्गावर भर आहे तो याचमुळे.

आता हॅम रेडिओ. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांचा हॅम गट परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला छंदापोटी गेला होता. त्सुनामीने अंदमानातले दूरध्वनी तोडल्यावर ‘अमके सुखरूप आहेत’ असे निरोप याच गटाने मुख्य भूमीवर पोचवले. असा संच गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याच्या लघुलहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन दूरवर पोचतात, त्यामुळे मधे टॉवर नसला तरी चालते.

खर्चावर बोट ठेवायचेच असेल तर ते देखभालीवर ठेवावे. सॅटेलाइट फोनला मोकळे आकाश लागते, तो कचेरीच्या छताखाली लागत नाही; तेव्हा कपाटातला तो फोन अंगणात नेऊन शेवटचा कधी लावून पाहिला, हे तालुक्याच्या ठिकाणी जरूर विचारावे.