एका बाकावर बसवलं म्हणून मुलं एकत्र येत नाहीत

सगळ्या थरांतल्या मुलांना प्रवेश दिला की शाळेने समाज जोडायचं काम केलं, हा समज फार पक्का बसलाय. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा. हजेरीपटावर मिसळलेली मुलं घंटा झाली की बरोबर आपापल्या घोळक्यात जातात. एका भाषेची इथे, एका वस्तीची तिथे.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये लिहून ठेवलंय की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी दोन्ही समूहांना बरोबरीचं स्थान हवं, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि अधिकारपदावरच्यांचा उघड पाठिंबा हवा. नेहमीचा वर्ग यातली 'एकमेकांची गरज' रोज मोडून काढतो. प्रश्न विचारला की दहा हात वर होतात, आणि शेजारच्याचं उत्तर चुकलं की आपला नंबर लागतो. शेजाऱ्याच्या चुकण्याचा आनंद व्हावा, अशीच ती मांडणी आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वंशानुसार वेगळ्या असलेल्या शाळा एकत्र झाल्या आणि वर्गांत तणाव पेटला. तिथे मानसशास्त्रज्ञ एलियट आरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'जिगसॉ' पद्धत आणली, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरं करायच्या कोड्यासारखी. ती कुठल्याही वर्गात, एक पैसा न खर्चता करता येते.

पाच-सहा मुलांचा गट करा. गट शिक्षकांनीच पाडायचे. मुलांवर सोडलं की मैदानावरचेच घोळके वर्गात येतात. धड्याचे तेवढेच भाग करा आणि प्रत्येकाला एकच भाग द्या. मग सगळ्या गटांतली पहिल्या भागाची मुलं एकत्र, दुसऱ्या भागाची एकत्र, अशी बसवून त्यांना आपला भाग घोटून घेऊ द्या. नंतर मूळ गटात परतून ज्याने त्याने आपला भाग बाकीच्यांना शिकवायचा. शेवटी छोटी चाचणी संपूर्ण धड्यावर, आणि गुण ज्याचे त्याचे.

एकाच भागाच्या मुलांनी एकत्र बसून तो घोटून घेण्याची मधली पायरी वेळ नाही म्हणून हमखास गाळली जाते, आणि तिथेच सगळं फसतं. वाचनात मागे असलेलं किंवा शाळेची भाषा घरी न बोलणारं मूल तयारीशिवाय गटासमोर अडखळतं, बाकीचे वैतागतात, आणि 'यांना जमतच नाही' हा ग्रह आणखी घट्ट होतो. एका तासिकेत बसत नसेल तर दोन घ्या, पण ही पायरी सोडू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या गटाला मिळून एकच गुण देणं. हुशार मूल सगळं काम अंगावर घेतं आणि मनात चीड धरतं. गटप्रमुखही दर वेळी बदलायला हवा, नाहीतर त्याच बोलक्या मुलाचं राज्य सुरू होतं. आणि गट निदान पाच-सहा आठवडे टिकू द्या. रोज बदललेल्या गटात ओळखसुद्धा होत नाही.

वर्षातून एकदा विविधतेचा कार्यक्रम करणाऱ्या शाळांबद्दल मला आकस नाही, पण प्रत्येक समूहाने आपापला नाच बसवायचा असेल तर तालमीही वेगळ्याच होतात. महिनाभर मुलं आपल्याच लोकांत राहतात. त्याऐवजी मिसळलेल्या गटाने एक नाटक उभं करावं: प्रकाश एकाकडे, कपडे दुसऱ्याकडे, संवाद तिसऱ्याकडे.

पालकसभेचंही तेच. खुर्च्या मंचाकडे तोंड करून मांडल्या की पालकांना एकमेकांच्या पाठी दिसतात. खुर्च्या गोलात मांडा, मुलांच्या वर्गातल्या गटाप्रमाणे पालकांना बसवा आणि मुलांनी केलेलं काम मधोमध ठेवा. पहिली पंधरा मिनिटं शिक्षकांनी बोलू नये. सूचना पालकांना वाचता येईल त्या भाषेत जाऊ दे, आणि वेळ संध्याकाळची असू दे. दुपारी सभा ठेवली की कामावरची माणसं येऊच शकत नाहीत. आलेले मोजके लोक 'बाकीच्यांना मुलांची पडलेलीच नाही' असं म्हणत घरी जातात, आणि तेच मुलांच्या कानावर पडतं.