मंगळ हा पृथ्वीला पर्याय नाही

‘पृथ्वीचे दिवस भरत आलेत. माणूस टिकवायचा तर मंगळावर बस्तान हलवावंच लागेल. तंत्रज्ञान तयार आहे, अडलंय ते फक्त पैशापायी.’ अशा आशयाचे संदेश आणि व्हिडिओ सारखे फिरत असतात. अवकाशाची मनापासून ओढ असलेली मंडळीच ते हिरिरीने पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

पृथ्वी राहण्यालायक उरणार नाही, हा पहिला दावा. तापमानवाढीचं संकट खरं आहे, गंभीरही आहे. पण मंगळावर सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आणि त्या विरळ हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. तरीही छोटे सस्तन प्राणी तगले, कारण श्वास घ्यायला हवा होती आणि प्यायला पाणी होतं. मंगळावर तेवढंही आयतं मिळत नाही.

दुसरा दावा, तंत्रज्ञान तयार आहे. ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गीवरच्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. कामगिरी मोठीच, पण १६ वेळा चालवून हाती आला एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो.

ऑक्सिजन बनवणं त्यातल्या त्यात सोपं. खरा पेच आहे तो बंदिस्त जागेत सगळं चक्र चालू ठेवण्याचा. १९९१मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या अवाढव्य इमारतीत आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. आत शेती होती, छोटं जंगल होतं, कृत्रिम समुद्रही होता. तरी ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून हळूहळू साडेचौदापर्यंत घसरला, माणसं थकू लागली आणि १९९३च्या सुरुवातीला बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. झालं असं की, सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेतला असता तर ऑक्सिजन परत मिळाला असता, पण त्यातला बराचसा इमारतीच्या काँक्रीटनेच शोषून घेतला. भिंती हवेचं गणित बिघडवतील, असं आराखडा करताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हे सगळं पृथ्वीवर घडलं, म्हणून निभावलं. मंगळाकडे निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते आणि प्रवासाला सहा-सात महिने लागतात.

मंगळाचं हवामानच बदलून टाकू, हा दावा तर लगेच निकालात निघतो. तिथला सहज मिळण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब पुरेसा वाढत नाही, असं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

पुढचा दाखला दर्यावर्दींचा: तेही अज्ञातात गेलेच की! गेले, पण ज्या किनाऱ्याला लागले तिथे हवा होती, गोडं पाणी होतं आणि बहुतेक ठिकाणी आधीपासून माणसंही राहत होती.

सर्वांत खटकतो तो शेवटचा आरोप. वस्तीबद्दल शंका घेणाऱ्यांना म्हणे अज्ञाताची ओढच नाही! २००५मध्ये ‘कॅसिनी’ यानाला शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून अवकाशात उसळणारे बर्फकणांचे फवारे दिसले. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या त्या गोठलेल्या गोळ्यात खाली खारा समुद्र निघाला. तिथे राहायला जाण्याचा कुणाचाही बेत नव्हता, तरी ती बातमी वाचून अंगावर काटा आला होता.

मंगळावर माणूस उतरावा, असं मलाही फार वाटतं. पण तिथे कधी जीव होते का, या प्रश्नाचं उत्तर आधी मिळू द्या. माणूस जाईल तिथे त्याचे जिवाणू जातातच. घाईने वस्ती केली, तर पुढे मातीत सापडलेला सूक्ष्मजीव मंगळाचा की आपणच नेलेला, हे ठरवणं फार अवघड होऊन बसेल.