परदेशी स्पर्धेला निघायचं? मग आधी पेटी मिटा

हौशी गायनवृंदाने परदेशातल्या समूहगान स्पर्धेला जायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत तिकिटं, साड्यांचे रंग आणि स्पर्धेनंतर काय काय बघायचं यावर तासभर जातो. आमचं ठाम मत आहे की त्या बैठकीत एकच निर्णय व्हायला हवा. उद्यापासून तालमीत पेटी वाजणार नाही.

पेटी सूर देते, तशीच घसरलेला सूर झाकते. आपल्या बहुतेक तालमींत चाल पेटीवर वाजत असते आणि वीस-पंचवीस गळे तिच्या मागून जातात. लोकसंगीताच्या विभागात वाद्यं चालतात, तिथे ढोलकी आणि टाळ जरूर न्या. पण मुख्य विभागांत बहुधा बिनसाथीच्या गाण्यावर वृंदाची पारख होते, आणि परीक्षक सगळ्यात आधी स्वरशुद्धता ऐकतात. पेटीची सवय लागलेला वृंद अशा वेळी काळी एकवर (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणं उचलतो आणि चार मिनिटांनी पांढरी एकवर, म्हणजे अर्धस्वर खाली, संपवतो. टाळ्या पडतात, गुण मात्र गेलेले असतात.

सूर उतरण्याची कारणं ठरलेली आहेत. अवरोहात प्रत्येक पायरी गरजेपेक्षा किंचित मोठी पडते, आरोहात किंचित लहान. एकाच स्वरावर सहा-सात अक्षरं आली की शेवटचं अक्षर खाली बसतं. ओळ संपता संपता श्वास संपतो आणि सूरही त्याच्याबरोबर खचतो. तबला नसला की लय मात्र उलटी वागते, ती पळते.

यावर उपाय आपल्याच घरात आहे, तंबोरा. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. चार आवाज एकत्र लागतात तेव्हा सगळं दालन घुमवतो तो हा दुसरा गंधार. लहानपणापासून तंबोऱ्यासोबत गात आलेल्या गळ्यांना तो नव्याने शिकवावा लागत नाही. ही ताकद आपणच पेटीखाली दाबून ठेवतो.

तालमीत मोबाइलवरचा तंबोरा लावा. एकाने तो १६ मात्रा चालू ठेवायचा, मग न सांगता १६ मात्रा बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. सूर हलला असेल तर सगळ्यांना तिथल्या तिथे कळतं. महिन्याभराने बंद ठेवण्याचा काळ ३२ मात्रा करा, मग आख्खं गाणं. गाणं संपल्यावर किती सेंट उतरलो ते तारखेसह वहीत लिहा. २० सेंटच्या आत उतार आला की वृंद तयार होऊ लागला असं समजा. यासाठी आठवड्याला दोन तालमी धरून सहा महिने तरी हातात हवेत.

दुसरी अडचण पट्टीची. पुरुष काळी एक-दोनमध्ये मोकळे गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. मग तडजोड म्हणून सगळे काळी तीनमध्ये एकसुरात गातात. त्यात पुरुष ताणतात आणि बायकांचा खालचा सूर ऐकूच येत नाही. म्हणून चार आवाजांची बांधणी लागते, म्हणजे प्रत्येक आवाजाला मोकळी पडेल अशी वेगळी ओळ. २४ जण असतील तर सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) ७, अल्टो (बायकांचा खालचा) ७, टेनर (पुरुषांचा वरचा) ५, बेस (पुरुषांचा खालचा) ५. टेनर मिळणं सगळ्यात कठीण, त्यामुळे शोध तिथून सुरू करा.

बांधणी करणाऱ्याला राग कळला पाहिजे. भूपाचं उदाहरण घ्या. सा रे ग प ध या पाच स्वरांत तीन स्वरांच्या पूर्ण संवादी जुळण्या दोनच बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. तिसरी घालायला गेलात की मध्यम किंवा निषाद घुसतो आणि भूप संपतो. अशा ठिकाणी खर्ज-पंचम धरून ठेवणं, एकामागून एक आवाज त्याच ओळीवर आणणं, हे मार्ग जास्त शोभतात. बाहेरच्या पुस्तकातली ठरावीक हार्मनी चिकटवली की गाणं ना इकडचं राहतं, ना तिकडचं.

परीक्षकांना स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिलेली प्रत द्यावी लागते. सोबत शब्दांचं रोमन लिप्यंतर आणि अर्थही द्यावा. भातखंडे पद्धतीच्या वहीने हे काम भागत नाही. ते करणारी माणसं जवळच आहेत. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या सोल्फा (डो-रे-मीची पाश्चात्त्य पद्धत) शिकवला, तिथला मांडो (कोकणी गीतप्रकार) दोन आवाजांत गातात. वसईच्या चर्चमध्येही मराठीतून गाणारे वृंद आहेत. तिथल्या जाणकारांकडून प्रत लिहून घ्या आणि त्यांना रीतसर मानधन द्या.

हक्कांची परवानगीही याच वेळी मागा. आपल्या कायद्यात कवी आणि संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे तुकोबांचा अभंग मोकळा असला तरी त्याला विसाव्या शतकात लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. पत्राला उत्तर यायला महिने लागतात.

व्हिसात वृंद अडकतात ते बहुधा नावावरून. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि स्पर्धेच्या यादीत ते गाळलेलं असतं. निमंत्रणपत्रात प्रत्येक नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला आणि शेंगेनमधून निघण्याच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा हवा, विमा किमान ३०,००० युरोंचा. स्पर्धा ऑस्ट्रियात चार दिवस आणि नंतर इटलीत सहा दिवस फिरणार असाल, तर मुक्काम जास्त इटलीत म्हणून अर्ज तिकडे जाऊ शकतो. वेल्समधल्या लॅन्गोलेनच्या आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धेला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्याचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. एखादा व्हिसा नाकारला जाऊ शकतो हे धरून प्रत्येक आवाजात एक माणूस जास्तीचा तयार ठेवा.

विमानातली हवा अतिशय कोरडी असते. पाणी घोटघोट पीत राहा आणि गप्पा कमी मारा. गाण्याच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. स्थळदर्शन स्पर्धेनंतरच ठेवा, आदल्या दिवशी मुळीच नको. गाणं चर्चमध्ये असेल तर दगडी भिंतींत सूर रेंगाळतो. तिथे लय थोडी कमी करा आणि ओळीच्या शेवटचा ‘त’ किंवा ‘क’ सगळ्यांनी एकाच क्षणी सोडा. वेळेच्या मर्यादेत गाण्यांमधल्या टाळ्या आणि सूर देण्याचे क्षण मोजतात का, हे नियमांत आधीच वाचून ठेवा. सूर द्यायला ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकच सूर देणारा धातूचा चिमटा) पुरतो. तो पांढरी सहा देतो, तिथून चारही आवाजांचे स्वर हळू गुणगुणून द्यायचे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २००० साली ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड क्वायर गेम्स या समूहगान स्पर्धेसारख्या ठिकाणी गुणांनुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य डिप्लोमा देतात आणि एकाच विभागात अनेक वृंदांना सुवर्ण मिळू शकतं. विभागाचा विजेता त्यातून वेगळा निवडतात. सुवर्ण डिप्लोमा कमी मोलाचा नाही, पण गावी परतल्यावर ‘जगात पहिले’ असे फलक लावू नका. लॅन्गोलेनला १९५५ साली इटलीतल्या मोदेना शहरातला हौशी वृंद खरोखर पहिला आला होता. त्यात बेकरीत काम करणारे एक वडील गात होते आणि त्यांच्यासोबत त्यांचा तरुण मुलगा लुचानो पावरोत्ती, पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑपेरा गायक. ‘पहिला’ हा शब्द अशा निकालासाठी राखून ठेवावा.

परीक्षकांचे लेखी शेरे मिळत असतील तर मागून घ्या. परतल्यानंतरच्या पहिल्या तालमीत ते मराठीत वाचा, आणि शेजारी ती सेंटांची वही उघडून ठेवा.