साडी, दोरी आणि सहा मीटर

रस्त्यात जुनी फोक्सवॅगन कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, चालवणाऱ्याला समोरून तसलीच दुसरी येताना दिसली, की दोघं एकमेकांना हात करतात. इंग्लंडात हा रिवाज आहे आणि लोक तो भक्तिभावाने पाळतात. आमची गाडी माझदा बाँगो. जपानमधून सेकंडहँड आलेली, 1998 सालची. बटण दाबलं की तिचं छत वर जातं, आणि मर्जी असेल तर खालीही येतं. बाँगोला फोक्सवॅगनवाले हात करत नाहीत. नवरा तरी करतो. स्टिअरिंगवरून चार बोटं उचलतो, समोरचा माणूस सरळ नाकासमोर बघत निघून जातो, आणि मग नवरा त्याच चार बोटांनी उगाचच आरसा नीट करतो.

त्यावर उपाय म्हणून त्याने एका कॅम्पर क्लबाचं सभासदत्व घेतलं. ‘सर्व कंपन्यांच्या गाड्यांचे स्वागत’ असं त्यांनी लिहिलं होतं. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतात, तितपतच ते खरं होतं. या क्लबाचा शनिवार-रविवारचा महोत्सव आइल ऑफ वाइटवर होता. सांगलीहून सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही बेट दाखवू म्हणून आम्ही रेडिंगहून निघालो. साउदॅम्प्टनला गाडी बोटीवर चढवायची आणि तासाभराने ईस्ट काउजला उतरवायची. बेटावर गाडी न्यायला पूल नाही, बोगदा नाही, म्हणजे बोटवाला सांगेल ती किंमत. भाड्याचा आकडा मी सासूबाईंना सांगितला नाही. त्यांनी रुपयांत केला असता. बेटावरची माणसंसुद्धा या भाड्यावर वर्षानुवर्षं चिडलेली आहेत, एवढंच माझं समाधान.

न्यूपोर्टजवळच्या एका कुरणात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि भुरभुर पाऊस होता. सगळीकडे पताका. छत उघडलेल्या रंगीत गाड्या. छान वाटलं. नवऱ्याने गाडी लावली, छताचं बटण दाबलं, मी घडीच्या खुर्च्या काढल्या, सासूबाईंनी चिवड्याचा डबा काढला. आणि काका आले.

सत्तरीचे. हाफ पँट, चमकणारं पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, खांद्यावर निळ्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं. दोरीला एका ठिकाणी लाल चिकटपट्टी आणि दुसऱ्या ठिकाणी पिवळी.

“सॉरी हं,” ते म्हणाले, “पण तुम्ही जरासे जवळ आहात.”

“कशाच्या?”

“त्यांच्या.” उजवीकडे एक नारिंगी फोक्सवॅगन उभी होती. आत कोणी नव्हतं. मालक पबात गेले होते, हेही काकांनीच सांगितलं.

मग नियम समजावण्यात आला. दोन गाड्यांच्या भिंतींमध्ये सहा मीटर, म्हणजे पिवळी पट्टी. गाडीला जोडलेले तंबू असतील तर त्यांच्यामध्ये तीन मीटर मोकळे, म्हणजे लाल पट्टी. कारण आग. कॅम्परमध्ये गॅसची टाकी, पडदे, गाद्या, प्लायवूड, सगळं हाताच्या अंतरावर. एकीला लागली तर शेजारचीला लागू नये. नियम अगदी रास्त आहे, मला तेव्हाही पटला होता. माझे वडील ठाण्याला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. पार्किंगच्या पट्ट्या त्यांनी स्वतः उकिडवं बसून चुन्याने मारल्या होत्या आणि पट्टीवर चाक चढवणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांशी ते अखेरपर्यंत बोलले नाहीत. तेव्हा ही जात मी लहानपणापासून ओळखून आहे. तिच्यासमोर एकच करायचं असतं, मान डोलवायची.

मी मान डोलावली. काकांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आमच्या पत्र्याला टेकवून धरायला सांगितलं आणि दुसरं टोक घेऊन ते नारिंगी गाडीपर्यंत गेले. वाकले. चष्मा लावला. “पाच मीटर सत्तर.”

नवऱ्याने गाडी फूटभर डावीकडे घेतली. त्यासाठी छत खाली, खुर्च्या आत, सासूबाई आत. आता डावीकडचं अंतर मोजलं, तर ते कमी भरलं. पुन्हा उजवीकडे. मग काकांना खुंटी दिसली. जमिनीत प्रत्येक जागेची एक खुंटी ठोकलेली होती आणि गाडीचा मागचा एक ठराविक कोपरा त्या खुंटीला लागला पाहिजे, असा आणखी एक नियम निघाला. कोपरा खुंटीला लावला की सहा मीटर भरेनात, सहा मीटर भरले की खुंटी गाडीखाली.

“मग त्या नारिंगीला सरकवा की,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. मी भाषांतर केलं.

“ते बुधवारपासून आहेत,” काका म्हणाले. ज्येष्ठतेचा प्रश्न होता.

सासूबाई सगळं बघत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही, पण त्यांच्या माहेरी कापडाचं दुकान होतं, आणि गजाच्या टोकाशी माणूस बोटाने काय करतो याची त्यांना चांगली जाण आहे. “त्याची दोरी ताणलीय,” त्या म्हणाल्या. “नायलॉन भिजलं की सैल पडतं. सहा म्हणतोय ते सहा नाहीत.” आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बॅगेतून घडीची साडी काढली. हिरवी, इरकली काठाची. कुणाकडे अचानक जायला लागलं, ओटी भरायला लागली तर असावी म्हणून आणलेली. “ब्लाउज पिसासकट सव्वासहा मीटर. आपल्या हाताने मोजून घेतलीय. धर.”

यानंतर जे झालं ते अर्ध्या कुरणाने पाहिलं. सासूबाई बाँगोच्या पत्र्याला साडीचं टोक टेकवून उभ्या. ब्लाउज पिसाचं टोक काकांच्या हातात. मधे पावसात हिरवी साडी. मला वाटलं होतं, काका हसतील किंवा रागावतील. छे! ते गंभीर झाले.

“हे कापड ताणतं का?”

“सुती आहे म्हणावं. ओढू नको, नुसतं धर.”

“मधे झोळ आहे.”

“झोळ काढ म्हणावं, पण हळू. काठ धरून.”

काकांनी काठ धरून झोळ काढला. शिट्टी आड येत होती, ती पाठीवर टाकली. नारिंगी गाडीशी साडी वीतभर जास्त झाली. सासूबाई जाऊन स्वतःच्या वितेने खात्री करून आल्या. सव्वासहातून वीत गेली, म्हणजे सहा मीटर आणि वर दोन-तीन सेंटिमीटर. “भरले,” त्या म्हणाल्या. मी भाषांतर केलं आणि त्यात जरा आवाज चढवला.

काका बराच वेळ साडीकडे बघत राहिले. मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून एक जुनी वही काढली. “मीटरने भरले,” ते म्हणाले. “पण क्लबाचा मूळ नियम वीस फुटांचा आहे.”

वीस फूट म्हणजे सहा मीटर आणि वर साडेनऊ सेंटिमीटर. मी फोनवर करून पाहिलं. आतापर्यंत अर्धा तास हा माणूस मीटरमध्ये बोलत होता. दोरी मीटरची, पट्ट्या मीटरच्या, आणि सांगलीच्या साडीने मीटर भरून दिल्यावर फूट बाहेर आले. या देशात दूध पाइंटात मिळतं आणि पेट्रोल लिटरमध्ये, रस्ते मैलात आणि कापड मीटरवर. एरवी मला त्याची गंमत वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

वर काका फार गोड माणूस! साडीची घडी घालायला त्यांनी मदत केली. काठाला काठ जुळवून, अगदी निगुतीने. सासूबाईंनी चिवडा पुढे केला तर आधी चिमूटभर घेतला, मग मूठभर, मग आमच्याच खुर्चीत बसून त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. आणि उठताना आम्हाला नवी जागा दाखवली.

ती कुंपणापाशी होती. शेजारी कोणी नाही, कारण शेजारी रासायनिक संडासाच्या डब्या रिकाम्या करायची जागा. जमीन उताराची. तिथे दुसरेच एक गृहस्थ खिशातून पाणसळ काढून आले आणि आमची गाडी नाकाकडे किती अंश कललेली आहे ते सांगून गेले. चाकाखाली ठोकळे घातले. तरी रात्रभर आम्ही तिघंही पायांकडे घसरत होतो. डब्यांचं म्हणाल, तर गाडीतला आमचा संडास कट्ट्याच्या खालच्या कप्प्यात आहे हे सासूबाईंना त्याच रात्री कळलं. त्या इतकंच म्हणाल्या, “स्वयंपाकघरात?” आणि नंतर थेट क्लबाच्या सार्वजनिक मोरीकडे छत्री घेऊन निघाल्या.

सकाळी दात घासायला जाताना मी काकांचं स्वतःचं ठिकाण पाहिलं. चार गाड्या, गोलाकार, तोंडाला तोंड लावून. तंबूंच्या दोऱ्या एकमेकींच्या खुंट्यांना बांधलेल्या. या गाडीच्या आरशापासून त्या गाडीच्या आरशापर्यंत पताका. आणि मधोमध पेटलेली शेगडी, तीवर सॉसेज. मी उभी राहिले. काकांनी चिमट्यानेच नमस्कार केला.

“इथे सहा मीटर?” मी विचारलं.

“आम्ही एकत्र आलोय ना,” ते म्हणाले. “ग्रुप. हे एक युनिट धरतात.”

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती हो, तीच तर पंचाईत. लबाडी असती तर भांडता आलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की ओळखीच्या माणसांमध्ये आग पसरत नाही. जी माणसं दर उन्हाळ्यात एकमेकांशेजारी गाड्या लावत आली, ती एक युनिट. आम्ही नियम. इथे इतकी वर्षं राहून, कर भरून, रांगेत न चुकता उभं राहून मला हे नवीन नाही. पण सकाळी तोंडात ब्रश असताना नको होतं. करावरून आठवलं. चाळीस वर्षांवरची गाडी या देशात ऐतिहासिक. तिला रस्त्याचा कर माफ, दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. त्या गोलातल्या चारही गाड्या ऐतिहासिक होत्या आणि चारींच्या खाली तेल गळू नये म्हणून बेकिंगचे ट्रे ठेवले होते. आमची बाँगो थेंब गाळत नाही, म्हणून ती पूर्ण कर भरते आणि दरवर्षी परीक्षेला बसते.

दुपारी पाऊस वाढला म्हणून ऑस्बोर्न हाउसला गेलो. व्हिक्टोरिया राणीने 1845 साली ही जागा घेतली आणि 1901 च्या जानेवारीत ती इथेच गेली. हिंदुस्थानची सम्राज्ञी, पण हिंदुस्थानात पाऊल टाकलं नाही. त्याऐवजी हिंदुस्थान घरी बोलावला. 1890-91 मध्ये बांधलेल्या दरबार रूमचं नक्षीकाम लाहोरच्या भाई रामसिंग यांच्याकडून करवून घेतलं. आग्र्याचा अब्दुल करीम तिला हिंदुस्थानी शिकवत असे. 1887 साली हिंदी नोकराने केलेली करी छान झाल्याचं तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आदल्या रात्री मी वरणाला फोडणी दिली तेव्हा कुंपणापलीकडून एक बाई नाकाशी रुमाल नेऊन “किती धाडसी वास!” म्हणाली होती. बाई, तुमच्या राणीला विचारा. आणि मी डब्या रिकाम्या करायच्या जागेशेजारी स्वयंपाक करत होते, त्या वासाबद्दल तुमचं काय मत?

दरबार रूममध्ये शेकोटीवर प्लास्टरचा मोर आहे, भिंती-छतावर इंचभर जागा कोरी नाही. लोक माना वर करून थक्क होत होते. सासूबाईही वर बघत होत्या. “हे पुसतं कोण?” त्यांनी विचारलं. तिथल्या सेवकाला मी विचारायला गेले नाही.

रविवारी बक्षीस समारंभ झाला. तो आम्ही लांबून पाहिला. सगळ्यात नेटकी गाडी, सगळ्यात जुनी गाडी, सगळ्यात दुरून आलेली गाडी. दुरून आल्याचं बक्षीस स्कॉटलंडच्या कोणाला मिळालं. नवरा म्हणाला, सांगली धरली असती तर आपलंच होतं. मी म्हटलं, उठ, बोट गाठायचीय.

बोटीवर गाड्या लावणारी पोरं वेगळीच असतात. हातवारे करत, ओरडत गाड्या आत घेतात, पुढच्या बंपरला नाक टेकेपर्यंत. आमच्या डाव्या आरशाला त्या नारिंगी गाडीचा आरसा जवळजवळ लागला. उजवीकडे काकांची गाडी आली, आणि मधे राहिली वीतभर जागा. पुढे-मागे, आजूबाजूला गाड्याच गाड्या, प्रत्येकीत गाद्या, पडदे, गॅसच्या टाक्या आणि टाकीभर पेट्रोल. काका पोट आत घेऊन दारातून तिरके बाहेर पडत होते. अंगात पिवळं जाकीट नव्हतं.

“विचार त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “इथे आग लागत नाही का म्हणावं.”

मी विचारलं.

“बोट ना?” काका म्हणाले. “ती वेगळ्या कमिटीकडे येते.” मग आमच्या खिडकीतून आत डोकावून त्यांनी सासूबाईंना हात केला आणि विचारलं, तो शेंगदाण्यांचा प्रकार थोडा उरलाय का?

“संपला म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या आणि मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. डबा अर्धा भरलेला होता.