पॅट्रोक्लसच्या हातातला भाला कुठे गेला?

भाची गेल्या महिन्यात आठ दिवस राहायला आली होती. अठरा वर्षांची. मी कुकर लावून तिला म्हटलं, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं, मी कपडे काढून आणते." परत येते तर सातवी शिट्टी चाललेली, आणि ही ओट्याला टेकून बसलीये, मांडीवर पुस्तक, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मावशी, दहा मिनिटं मला हाकच मारू नकोस." भाताचा लगदा झाला होता. तोच खाल्ला सगळ्यांनी.

पुस्तक होतं मॅडेलिन मिलरचं 'द साँग ऑफ अकिलीस'. लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या या बाईंनी त्यावर दहा वर्षं घालवली. २०११ मध्ये ते छापून आलं आणि २०१२ मध्ये त्याला ऑरेंज हा लेखिकांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. मूळ गोष्ट होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या 'इलियड' महाकाव्यातली, अकिलीस हा त्यातला शूर योद्धा. खरं तर मोठ्यांसाठीचं पुस्तक, पण डोक्यावर घेतलं ते पोरापोरींनी, तेही बऱ्याच वर्षांनी, रडतानाचे व्हिडिओ टाकून टाकून. घरातून हद्दपार झालेला पॅट्रोक्लस अकिलीसच्या बापाकडे वाढतो, दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात, ट्रॉयच्या युद्धाला जातात. पुढे पॅट्रोक्लस तिथेच मारला जातो.

रात्री लगदा खाता खाता गोष्ट ऐकून आमचे हे म्हणाले, "आता होमरलाही सोडलं नाही का या लोकांनी? दोन मित्र होते बिचारे." भाचीचा चेहरा पडला. मी तेव्हा ताक वाढत होते, म्हणून गप्प बसले. इथे बोलते.

अहो, हे भांडण आजच्या पोरांनी सुरू केलेलं नाही. खुद्द ग्रीकांमध्येच ते चालू होतं. होमर दोघांना प्रियकर म्हणत नाही, हे खरं. पण पुढे एस्किलस या नाटककाराने आपल्या नाटकात त्यांना तसं उघड दाखवलं. मग तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिंपोझियम' या ग्रंथात फीड्रस नावाचं पात्र म्हणतं, एस्किलस काहीतरीच बरळतो, मागे लागलेला अकिलीस नव्हेच, तो तर वयाने लहान, अजून दाढीही न फुटलेला. म्हणजे वाद प्रेम होतं का हा नव्हताच, कोण कोणाच्या मागे होता हा होता! झेनोफन या दुसऱ्या ग्रीक लेखकाच्या पुस्तकातला सॉक्रेटिस मात्र आमच्या ह्यांच्या पार्टीतला, तो म्हणतो नुसते सोबती. आणि इ.स.पू. ३४५ च्या सुमारास अथेन्सच्या भर कोर्टात ऐस्किनीस नावाचा वक्ता सांगतो की होमरने त्या प्रेमाचं नाव घेतलं नाही, कारण शिकल्यासवरल्या माणसाला ते न सांगता कळतं. जवळजवळ २,४०० वर्षांपूर्वीचं आहे हे. त्यामानाने २००४ च्या 'ट्रॉय' सिनेमात दोघांना चुलत भाऊ करून टाकलं, तेव्हा कुणीही ताटावरून उठलं नव्हतं.

तर प्रेम नवीन नाही. मग नवीन काय आहे? माझं खरं भांडण तिथे आहे, आणि ते भाचीशी आहे.

मिलरचा पॅट्रोक्लस मवाळ. शस्त्राची नावड, छावणीत जखमींची मलमपट्टी करतो, लुटीत आणलेल्या बायकांना दुसऱ्यांच्या हाती पडू देऊ नकोस म्हणून अकिलीसला विनवतो. त्या बायका मग यांच्या आसऱ्याला सुखरूप राहतात. वाचताना फार गोड वाटतं. होमरचा पॅट्रोक्लस जखमा बांधतो, मनाने दयाळूही आहे, अकिलीसने युद्धात धरून आणलेली ब्रिसेईस त्याच्या प्रेतावर पडून तेच म्हणत रडते. पण 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात हाच माणूस ट्रॉयच्या सैनिकांवर तीनदा तुटून पडतो आणि दर वेळी नऊ जण कापतो. त्याआधी देवांचा राजा झ्यूस याच्या मुलाला, सार्पीडनला, मारून त्याच्या छातीवर पाय देऊन भाला उपसतो. पूर्ण सर्ग रक्ताने भरलाय. आणि त्या बायका? नवव्या सर्गाच्या शेवटी दोघं मित्र एकाच निवाऱ्यात झोपतात, प्रत्येकाच्या शेजारी युद्धात धरून आणलेली एकेक बाई. होमर त्यांची नावंही सांगतो, डायोमीडी आणि इफिस.

म्हणजे बदललं काय, तर ते. दोन पुरुषांचं प्रेम आजच्या वाचकाला चाललं, पण ते प्रेम करणारा माणूस रात्री गुलाम बाईशेजारी झोपतो हे चाललं नाही. मला वाटतं, लेखिकेने प्रेम घातल्याची तक्रार करणाऱ्यांनी पुस्तक नीट वाचलेलंच नाही. तिने घातलंय थोडं, काढलंय जास्त. आपल्याला हे ओळखीचं असायला हवं. आपण कर्णाला इतका जवळचा केलाय की द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे वेश्या, म्हणणारा तोच होता, हे कुणी आठवण करून दिलं तर राग येतो.

भाचीचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, "मावशी, आमच्यासारख्यांना पहिल्यांदा गोष्ट मिळते तेव्हा ती जरा चांगल्या माणसाची असावी ना." 'आमच्यासारख्यांना' हा शब्द तिने सहज टाकला आणि चटणी मागितली. मीही सहज वाढली. हात थरथरला थोडा, पण ते चटणीच्या बरणीला कळलं असेल फक्त.

त्या रात्री तिने मला रिक रिऑर्डनच्या 'द हाऊस ऑफ हेडीझ'मधलं प्रकरण वाचून दाखवलं. हे मात्र पक्कं मुलांचं पुस्तक. निको नावाचा अंगावर काळे कपडे घालून फिरणारा पोरगा, पाताळाचा देव हेडीझ याचा मुलगा. क्रोएशियात स्प्लिटजवळ, सलोना या जुन्या शहराच्या अवशेषांत, प्रेमाचा देव क्युपिड त्याला कोंडीत पकडून त्याच्याच तोंडून वदवून घेतो की त्याला पर्सी, म्हणजे या पुस्तकांतला नायक पोरगा, आवडायचा. क्युपिड तिथे अजिबात गोंडस नाही, अदृश्य राहून फेकाफेकी करतो, पोराला रडवतो. पुस्तक आलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्याच वर्षी ११ डिसेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा उभं केलं, ते पडायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं. मधली वर्षं आपल्याकडची किती मुलं पांघरुणात टॉर्च लावून ते प्रकरण वाचत असतील, देव जाणे.

असो. माझी मागणी एवढीच होती की आता मूळ इलियड वाच. तिने इंग्रजी भाषांतर नेलं. परवा मेसेज आला, "मावशी, दुसऱ्या सर्गात नुसती जहाजं मोजतायत!!! पॅट्रोक्लस कुठाय?" मी म्हटलं, जहाजं सोड, सगळेच सोडतात, सरळ नवव्यावर जा.

काल रात्री अकराला फोन. तिला ते दृश्य सापडलं होतं. अकिलीस तंबूत बसून वाद्य छेडत शूरांची गाणी म्हणतोय, आणि समोर एकटा पॅट्रोक्लस, एक अक्षर न बोलता, त्याचं गाणं संपायची वाट बघत बसलाय. "बघ ना मावशी, नुसता बसलाय!" तिचा आवाज कापत होता. त्या सर्गाच्या शेवटापर्यंत ती अजून पोचलेली नव्हती. मीही काही बोलले नाही.